आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावात नवे पाहुणे दिसू लागतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. कोणी दामदुप्पट योजना घेऊन येतो, कोणी स्वस्तातला प्लॉट घेऊन येतो. अलीकडे त्यांत इंधनवाल्यांची भर पडली आहे. एक म्हणतो, आमचे इंजिन पाण्यावर चालते. दुसरा म्हणतो, आमची मोटर एकदा फिरवली की स्वतःची वीज स्वतःच तयार करते, बिल म्हणून नाही. तिसऱ्याकडे झाडपाल्यापासून पेट्रोल करण्याची विद्या असते. बोलणे कोणत्याही वाटेने सुरू होवो, शेवट ठरलेला असतो. तालुक्याची एजन्सी घ्या, अनामत भरा, चार माणसे जोडा, आणि महिन्याला अमुक इतके घरबसल्या मिळवा.

डिझेलचे दर आणि रात्री-अपरात्री येणारी वीज यांनी गांजलेल्या शेतकऱ्याला असे बोलणे गोड लागते, यात नवल नाही. त्यात मूर्खपणाही नाही. पण आडसाली ऊस अठरा महिने सांभाळायचा, पाणी, खत, तोड, वाहतूक सगळे निभवायचे, आणि त्याचे पैसे एका दुपारच्या चहावर दुसऱ्याच्या हाती द्यायचे, हे आम्हांला बघवत नाही. म्हणून या विषयावर चार गोष्टी स्पष्ट लिहिण्याचे ठरविले आहे.

फिलाडेल्फियाचे भागधारक

ही लबाडी आजकालची नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात जॉन केली नावाचा एक कारागीर होता. १८७२ च्या सुमारास त्याने जाहीर केले की आपल्याला नवी शक्ती सापडली आहे. थोडेसे पाणी यंत्रात घालायचे, ठराविक सूर काढायचा, की पाण्यातून प्रचंड दाबाची वाफ निघते. शेर-दीड शेर पाण्यात अख्खी आगगाडी अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेईन, असे त्याचे बोलणे. न्यूयॉर्कच्या पैसेवाल्यांनी ऐकले आणि ‘केली मोटर कंपनी’ उभी राहिली. शेअर विकले गेले.

केली लोकांना प्रयोगशाळेत बोलावी, कधी व्हायोलिन वाजवी, कधी स्वरकाटा वाजवी. दाबमापकाचा काटा सरसर चढे, जाड दोर तुटत, लोखंडी पट्ट्या वाकत. पाहणारे थक्क होऊन परत जात. मात्र यंत्र उघडून दाखवा म्हटले की शोध अजून पुरा व्हायचा आहे, गुपित फुटेल, असे उत्तर मिळे. १८८८ मध्ये न्यायालयाने गुपित सांगण्याचा हुकूम केला, तेव्हा तो मोडल्याबद्दल त्याला थोडे दिवस तुरुंगातही बसावे लागले. तरी त्याने तोंड उघडले नाही. क्लारा मूर नावाच्या एका श्रीमंत विधवा बाईंनी पुढे त्याच्यासाठी पदरचा पैसा वर्षानुवर्षे ओतला.

१८९८ मध्ये केली वारला. सव्वीस वर्षांत त्या यंत्रावर एक गिरणी चालली नाही की एक गाडी धावली नाही. तो गेल्यावर क्लाराबाईंच्या मुलाने ती जागा ताब्यात घेतली आणि जाणकारांना व पत्रकारांना बरोबर घेऊन फरशी उकरली. खाली सुमारे तीन टन वजनाचा पोलादी गोल निघाला, आणि त्याबरोबर बारीक नळ्या. दाबून भरलेली हवा त्या गोलात साठवायची आणि नळीवाटे वर यंत्राकडे न्यायची, अशी ती व्यवस्था असल्याचा निष्कर्ष तपासणाऱ्यांनी काढला. पाणी आणि व्हायोलिन लोकांच्या डोळ्यांसाठी होते.

यात आपल्या ध्यानात राहण्यासारखी गोष्ट कोणती? केलीच्या भागधारकांकडे शेअरचे कागद होते. ते शिकलेले, व्यवहारी लोक होते. पण यंत्रात आत काय जाते, हे पाहण्याचा हक्क त्यांनी कधी वसूल केला नाही. बाहेर काय निघते तेवढेच ते पाहत राहिले.

पाणी म्हणजे जळून उरलेली राख

आता पाण्यावरच्या इंजिनाचे बघू. आपल्या कारखान्यात शंभर टन ऊस गाळला की साधारण अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघते. ती बॉयलरमध्ये जळते, वाफ होते, टर्बाइन फिरते, वीज होते. मागे राख उरते. उद्या कोणी म्हणाला की हीच राख पुन्हा बॉयलरमध्ये टाका आणि वाफ करा, तर आपला फायरमन त्याला हसेल.

पाण्याचे अगदी तसेच आहे. हायड्रोजन वायू जळाला, म्हणजे त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की पाणी होते. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख होय. जळून गेलेली वस्तू पुन्हा कशी जळेल?

विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढता येतो हे खरे आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतही ते करून दाखवतात. पण हिशेब बघा. एक लिटर पाणी फोडायला कमीत कमी साडेचार युनिटच्या आसपास वीज लागते. तो हायड्रोजन जाळला की तेवढीच उष्णता परत येते, वर एक दाणाही नाही. ती उष्णता इंजिनात घातली की फार तर तिसरा-चौथा हिस्सा कामाला येतो, बाकी धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जाते. साडेचार घालून सव्वा ते दीड मिळवायचे, असा हा धंदा. वर हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण ठिणगीसरशी स्फोट करते. गोठ्यात नाहीतर पंपाच्या खोलीत अशी बाटली ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ.

हा हिशेब न्यायालयातही झालेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टॅन्ली मायर याने पाण्यावर चालणारी गाडी केल्याचा दावा केला होता. दोन गुंतवणूकदारांनी त्याच्यावर दावा लावला. तज्ज्ञांनी उपकरण तपासले, तर ते विजेने पाणी फोडण्याचे नेहमीचेच साधन निघाले. १९९६ मध्ये न्यायालयाने ही उघड व घोर फसवणूक ठरवून पैसे परत करण्याचा हुकूम दिला. दोन वर्षांनी मायर वारला. तपासणीत मेंदूतली रक्तवाहिनी फुटून मृत्यू आल्याचे निष्पन्न झाले, तरी ‘तेल कंपन्यांनी त्याला मारले’ ही आवई अजून फिरते आहे. एजंट तुम्हांला ती हमखास ऐकवील.

त्याच १९९६ साली आपल्या देशात तामिळनाडूमधून पाण्यात वनस्पती घालून पेट्रोल करण्याचा दावा पुढे आला. रामर पिळ्ळै हे नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत गाजत होते. मोठमोठ्यांनाही त्याची भूल पडली. पुढे शास्त्रज्ञांनी आपल्या देखरेखीखाली प्रयोग करवून घेतले, तेव्हा तो दावा टिकला नाही.

स्वतःची वीज स्वतः करणारी मोटर

यात एक मोटर असते, जड चाक असते आणि पट्ट्याने जोडलेला जनित्र असतो. मोटर जनित्र फिरवते, जनित्राची वीज मोटरला मिळते, आणि वर चार दिवे लागतात, असे दाखवतात.

शंभर वाटे वीज मोटरला दिली तर चांगली मोटर पंच्याऐंशी वाटे काम देते. त्यावर जनित्र चालवले तर बहात्तर वाटे वीज परत येते. ती पुन्हा मोटरला दिली की दुसऱ्या फेरीत बावन्न, तिसऱ्या फेरीत अडतीस. बाकीची बेअरिंगमध्ये, पट्ट्यात आणि तारेत तापून गेली. जड चाकामुळे यंत्र थोडा वेळ जास्त फिरते इतकेच, कारण सुरुवातीला घातलेले बळ चाकात साठलेले असते. टाकीतले पाणी खाली सोडून त्यावरच पंप चालवायचा आणि तेच पाणी परत टाकीत चढवायचे, वर रानही भिजवायचे, असे कोणाला जमले आहे काय? मग प्रात्यक्षिकात दिवे कसे लागतात? टेबलाखाली, भिंतीत, पायाशी कोठेतरी बॅटरी किंवा वायर असते. केलीच्या फरशीखाली जे होते, तेच इथे.

तो शेअर आणि हा शेअर

काही सभासद म्हणतील, ‘आमच्या वाडवडिलांनीही कारखाना दिसण्याआधीच शेअरचे पैसे भरले होते. तेव्हा त्यांनाही लोकांनी वेड्यात काढलेच होते की!’ हा प्रश्न रास्त आहे.

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ चा हंगाम घेतला. शेतकऱ्यांनी पैसे दिले ते विश्वासानेच. पण उसापासून साखर होते हे कोणाचे गुपित नव्हते. यंत्र उघडे होते, वजनकाटा उघडा होता, हिशेब सभेपुढे येत होता. आजही सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याने ताळेबंद पाहण्याचा हक्क तुम्हांला दिला आहे, आणि वार्षिक सभेत उभे राहून चेअरमनला प्रश्न विचारता येतो.

इंधनही आपण करतोच. एक टन सी-हेवी मळीपासून सुमारे सव्वादोनशे लिटर अल्कोहोल निघते, ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. पण त्यामागे ऊस आहे, ऊन आहे, पाटाचे पाणी आहे. आणि लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच भरते, हेही कोणी लपवीत नाही. खऱ्या शोधाला उणी बाजू असते आणि ती सांगितली जाते. ज्याला उणी बाजूच नाही, त्याच्यापासून चार पावले लांब राहावे.

पैसे देण्याआधी विचारा

१. आत काय जाते? पाणी, हवा, तेल, वीज, सगळे मोजून दाखवा म्हणावे. तेही आमच्या रानात, आमच्या मीटरवर, आमच्या माणसासमोर, आठ दिवस सलग. घटकाभराच्या प्रात्यक्षिकावर जाऊ नये.

२. तपासणी कोणी केली? वाहन व इंजिनांसाठी पुण्याला ‘ए.आर.ए.आय.’ ही संस्था आहे. खरा शोधक तेथे आनंदाने जाईल. गावचा एखादा हुशार मुलगा काही करू पाहत असेल तर त्याची थट्टा करू नका, त्यालाही हीच वाट दाखवा.

३. पेटंटचा कागद दाखवला तर? अर्ज केला म्हणजे पेटंट मिळाले असे नव्हे, आणि पेटंट मिळाले म्हणजे यंत्र चालते अशी हमी नव्हे. निसर्गनियमाविरुद्धच्या दाव्याला १९७० च्या आपल्या कायद्याप्रमाणे पेटंट मिळत नाही.

४. कमाई विक्रीवर की माणसे जोडण्यावर? यंत्र एकही विकले नाही आणि हप्ते मिळताहेत, तर ते मागून आलेल्यांचे पैसे आहेत. पहिल्या दोघा-तिघांना मिळतात, म्हणूनच बाकीचे भुलतात. शेवटी भावकीत आणि सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरत नाही.

५. ठेव घेण्याची परवानगी आहे काय? परवानगीवाचून ठेवी गोळा करण्यास २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

सौर पंपाबद्दलही एक शब्द. सौर पंप खरा आहे, शासनाची योजनाही खरी आहे. पण ‘कुसुम’ योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून नोंदणी फीचे पैसे उकळले जातात, असा इशारा केंद्र सरकारच्या मंत्रालयाने अनेकदा दिला आहे. अर्ज महावितरणच्या कचेरीत खात्री करूनच भरावा. मोबाईलवर आलेल्या दुव्यावर पैसे पाठवू नयेत.

फसलेच असाल तर

लाजून गप्प बसू नये. एक गप्प बसला की एजंट दुसऱ्या गावाला मोकळा होतो. पावत्या, करारपत्र, फोनवरचे निरोप जपून ठेवावेत, आणि पोलीस ठाण्यात किंवा आर्थिक गुन्हे शाखेत सर्वांनी मिळून तक्रार द्यावी. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, त्यात जितका उशीर तितके नुकसान.

आणि पैसे अजून दिले नसतील तर घाई नको. ‘आज सही केली तरच हा दर’ असे म्हणणाऱ्याला निदान आठ दिवस थांबवा. त्याचा कागद गट ऑफिसात आणा, आपल्या इंजिनिअरिंग विभागातल्या माणसांना दाखवा. बॉयलरपुढे आयुष्य काढलेली माणसे आहेत ती. कोळशाशिवाय, बगॅसशिवाय, तेलाशिवाय वाफ होत असती तर आपण बगॅसचा एवढा मोठा ढीग ताडपत्री घालून जपला नसता.