मल्लवीर खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कृष्णा व कोयना या नद्यांचा जेथे संगम होतो, त्या कऱ्हाडाजवळ गोळेश्वर हे लहानसे गाव आहे. याच गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले. घरचा वारसा असा होता, तरी वारशाने केवळ वाट दिसते. ती ज्याची त्यालाच चालावी लागते.

खाशाबांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. १९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक स्पर्धेत ते उतरले. तेथे एक नवीच अडचण उभी राहिली. आपल्याकडील कुस्ती तांबड्या मातीत होते. मातीत पाय घट्ट रोवता येतो आणि प्रतिस्पर्धी चीत होईपर्यंत झुंज चालते. जागतिक स्पर्धेतील कुस्ती मात्र गादीवर खेळतात. तिला वेळेचे बंधन असते व प्रत्येक पकडीचे गुण मोजले जातात. अशा अनोळखी गादीवरही खाशाबांनी सहावा क्रमांक मिळविला.

यानंतरची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ ची स्पर्धा फिनलंडमधील हेलसिंकी नगरीत व्हावयाची होती. परंतु इतक्या दूरच्या प्रवासास पैसा कोठून आणावा? तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या बाहुबलावर गुरूची केवढी ही श्रद्धा!

हेलसिंकी येथे खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात लढले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांवर त्यांनी मात केली. जपानचे शोहाची इशी व सोव्हिएत संघाचे राशिद ममदबेयॉव यांच्यापुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली. इशी यांना सुवर्णपदक, ममदबेयॉव यांना रौप्यपदक व खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक होय. असे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, यावरून त्याचे मोल ध्यानी येईल.

खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाडापासून गोळेश्वरापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु सत्काराने त्यांना ऋणाचा विसर पडला नाही. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसा जमविला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

गोळेश्वर काय आणि वाशीम जिल्ह्यातील मेडशी काय, अशा गावांतील मुलांनाही हे चरित्र एक गोष्ट सांगते. पदक एकाच्या गळ्यात पडते. पण त्यामागे वडिलांची शिकवण, गुरूचा त्याग व गावाची वर्गणी असते. हे ज्याने ओळखले आणि फेडले, तोच खरा वीर.