थकवा आणि आळस

वर्गात पेंगणाऱ्या मुलास आळशी म्हणून दोष देण्यापूर्वी त्याच्या थकव्याचे कारण शोधणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. आळशी मूल खेळाची घंटा होताच पळत सुटते; थकलेले मूल मैदानाच्या कडेस बसून राहते. हा भेद सहज पारखता येतो.

थकवा हा शत्रू नव्हे. श्रमानंतर विसावा घ्यावा, अशी ती शरीराची सूचना असते. दूरच्या वाडीवरून चालत येणे, उपाशीपोटी शाळेस येणे, अपुरी झोप यांमुळे आलेला थकवा अन्न व विश्रांती यांनी ओसरतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप आवश्यक असते. परंतु आहार व झोप मिळूनही जो थकवा आठवडेच्या आठवडे टिकतो, त्याच्या मुळाशी रक्तातील उणीव असू शकते. लोह कमी पडल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी तांबड्या पेशी नीट घडत नाहीत.

ही उणीव केवळ दारिद्र्यातच असते असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुणे शहर व परिसरातील खेडी येथील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारी मंडळींत धोका अधिक होता, कारण हे जीवनसत्त्व धान्य-भाजीतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. पोट भरणे आणि पोषण होणे या भिन्न गोष्टी आहेत, हा यातील बोध होय.

शिक्षकास करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. अवघड विषय सकाळच्या तासांस घ्यावेत. लोहाची साप्ताहिक गोळी, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांस गुलाबी व त्यापुढील मुलांस निळी, जेवणानंतर आपल्या समक्ष द्यावी. तिच्या जोडीस चहा नसावा. जंतनाशक गोळीचा दिवस चुकू देऊ नये. पापणीची आतील बाजू वा नखे फिकट दिसल्यास पालकांना सांगून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

शिक्षकाने स्वतःच्या थकव्याकडेही याच दृष्टीने पाहावे. रक्तातील उणीव छडीने वा धाकाने भरून निघत नाही. ती वेळीच ओळखली, तर मागे पडलेले मूल पुन्हा वर्गाबरोबर चालू लागते.