विंडोज १० ची मुदत संपली, आपल्या नोंदींचं काय?

मैत्रिणींनो, तुमची लेक डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात किंवा आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजात शिकत असेल, तर "लॅबमधले कॉम्प्युटर अपग्रेड करायचेत" असं काहीतरी तिच्या तोंडून कानावर आलं असेल. हे काम फक्त विद्यापीठाचं नाही बरं का. संघाच्या कार्यालयात ज्या कॉम्प्युटरवर आपली बचत, कर्ज आणि हप्ते चढतात, त्यातही बहुधा तीच विंडोज १० आहे.

विंडोज म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. लिहिलेलं सांभाळणं, प्रिंटरला निरोप देणं, आत कुणाला येऊ द्यायचं, हे सगळं तो बघतो. विंडोज १० आली २०१५ साली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची मोफत दुरुस्ती थांबवली. त्या दिवशी कॉम्प्युटर काही बंद पडला नाही, म्हणून वाटतं, चाललंय ना! पण चोरांना नवी फट सापडली, तर ती बुजवायला आता आपोआप कुणी येणार नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांना परत पाठवावं लागलं. त्या फटीची दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती, पण अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

जिथे शेकडो कॉम्प्युटर असतात, तिथे सगळे एकदम बदलत नाहीत. आधी यादी करतात. मग एकाच कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकून बघतात, प्रिंटर चालतो का, रोजचे प्रोग्रॅम उघडतात का. परीक्षेच्या दिवसांत तर हातच लावत नाहीत. शिक्षणसंस्थांना कंपनीने जादा दुरुस्तीची सवलतही दिली आहे, पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरमागे एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. इतर संस्थांना हाच दर पहिल्या वर्षी ६१ डॉलर आहे.

आपली परीक्षा म्हणजे मार्चअखेर. तेव्हा हे काम काढू नका.

दुकानदार म्हणेल, "ताई, हा भंगारात द्या, नवाच घ्या." लगेच मान डोलावू नका. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. साधारण २०१७ च्या आधीचे कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. पण कधीकधी चिप असते, नुसती बंद ठेवलेली असते! मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप दुकानदारासमोरच चालवायला लावा. लिनक्स ही फुकटची विंडोजसारखीच व्यवस्था आहे, सी-डॅकने तिच्यावरून 'बॉस' बनवलंय. मात्र टॅली त्यावर थेट चालत नाही, हे आधी लक्षात घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मराठी फायलींचा. जुन्या ठरावांचे कागद कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, की आपल्या ठरावाची अक्षरांची भेळ होते. म्हणून फायलींबरोबर फॉन्टही पेनड्राइव्हवर घ्या आणि इथून पुढे युनिकोडमध्येच टाइप करा. पेनड्राइव्ह दोन ठेवा, एक कार्यालयात, एक अध्यक्षांच्या घरी. नुसतं "कॉपी झालं" म्हणून भागत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर कर्जाची वही उघडून दोन-चार गटांची शिल्लक जुळवून बघा. त्यानंतरच जुन्याला हात लावू द्या.

"विंडोजमधून बोलतोय, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. कंपनी आपणहून असे फोन करत नाही. आणि जुना कॉम्प्युटर खरंच भंगारात निघाला, तर त्यातली हार्डडिस्क आधी काढून घ्या. नुसत्या डिलीट केलेल्या फायली परत काढता येतात, आणि त्यात प्रत्येकीचा आधार नंबर आणि बँकखातं आहे.