कुपावरचा सभासद

सकाळी कुऱ्हाड घेऊन जो कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, उतरतो, त्यानेच त्या कुपाचा हिशेब मंजूर वा नामंजूर करणाऱ्या सभेत मत द्यावे, ही कल्पना आज कितीही साधी वाटली, तरी सातपुड्याच्या पायथ्याशी एके काळी ती अघटितच होती. कूप लिलावात घ्यावा ठेकेदाराने, आणि उचल घेऊन बांधल्या गेलेल्या मजुराने मुकादमाच्या वहीतला आकडा मुकाट्याने मान्य करावा, असा तो रिवाज होता. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारपुढे आदिवासींच्या या पिळवणुकीचा अहवाल ठेवला, आणि 1947 मध्ये बाळासाहेब खेरांच्या राजवटीत, ठेकेदाराला वगळून कूप थेट मजुरांच्याच हाती देणाऱ्या जंगल कामगार सहकारी संस्था आकारास आल्या. सातपुड्याच्या पायथ्याचा आजचा नंदुरबार जिल्हा, जो 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून विभक्त झाला, तो त्या काळी पश्चिम खानदेशात मोडत असे.

याच जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरचा साखर कारखानाही सहकारीच. पण तेथे सभासदत्व ऊस पिकविणाऱ्याचे, तोडणाऱ्याला कोयत्याच्या बळावर मत नाही. जंगल कामगार संस्थेत श्रम करणारा तोच सभासद, हे तिचे वैशिष्ट्य. तथापि तिच्या पाठीशी समाजसेवकाचे पालकत्व आणि समितीवर सरकारी खात्यांचे प्रतिनिधी असत. निरक्षर सभासदांना आरंभी तो आधार आवश्यक होता. तो कधी काढून घ्यावयाचा, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याने भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच दिले. चीनच्या शेतकरी सहकारी संस्थांविषयीच्या कायद्यातही, जो 1 जुलै 2007 पासून अमलात आला, मूळ तत्त्व हेच. परंतु मोठे भांडवल वा मोठा व्यवहार असणाऱ्यांना मूळ मतांच्या 20 टक्क्यांपर्यंत जादा मते देण्याची मुभा तेथे आहे, आणि वाटपयोग्य नफ्यापैकी किमान 60 टक्के भाग सभासदांच्या व्यवहाराच्या प्रमाणात वाटण्याचे बंधनही आहे. एवढी तरतूद असूनही नावापुरत्या उरलेल्या संस्था हुडकून काढण्याची मोहीम तेथील सरकारला 2019 मध्ये हाती घ्यावी लागली.

मत कागदावर असणे आणि ते वापरता येणे यांतील अंतर आमच्याकडे वार्षिक सभेच्या सूचनेतच दिसते. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, ‘ताळेबंद व नफातोटा पत्रक स्वीकारणे’, ‘आयत्या वेळचे विषय’: घरी पावरी वा मावची बोलणाऱ्या, आणि ‘कायम’ हा शब्द नोकरीपुरताच ऐकलेल्या माणसाने यातून काय उमजावे? हजेरीपत्रकावर अंगठा उमटतो, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ होते, आणि चहा येतो. वास्तविक किती झाडे पडली, किती नग निघाले, आगाराकडे किती गाड्या गेल्या, हे त्या मागच्या रांगेइतके कोणासच ठाऊक नसते. तेवढेच आकडे सेक्रेटरीने त्यांच्या बोलीत आधी वाचून दाखविले, तर ‘गाड्या एवढ्याच गेल्या, मग वाहतुकीचा खर्च इतका कसा?’ असे विचारावयाला त्या रांगेतला कोणीही उठेल.