नुनावुत : ‘आमची भूमि’

कॅनडाच्या नकाशावर उत्तरेकडे नजर टाकली म्हणजे बेटांचे असंख्य तुकडे ध्रुवाच्या दिशेनें विखुरलेले दिसतात. त्यांतील बहुतेक बेटें व मुख्य भूमीचा बराच भाग मिळून नुनावुत नांवाचा प्रदेश बनला आहे. त्याची जमीन सुमारें १८ लक्ष ३७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सहापट भरते. आणि २०२१ च्या खानेसुमारींत माणसें निघालीं अवघीं ३६,८५८! दरडोई पन्नास चौरस किलोमीटर जमीन आली. मुंबईपुण्यास जागेसाठीं वणवण करणाऱ्या गृहस्थास हेवा वाटावा असाच हा हिशेब आहे. परंतु मौज ही, कीं घरांची टंचाई तेथेंहि आहे व एकेका घरांत माणसें दाटीवाटीनें राहतात.

कारण उघड आहे. जवळजवळ सर्व प्रदेश वृक्षरेषेच्या पलीकडचा. जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यांत थोडासा वितळतो, खालची माती मात्र कायमची गोठलेली. म्हणून घरें खांबांवर उभारावीं लागतात. लांकूड, लोखंड, पीठ, साखर सारें दक्षिणेकडून येतें. उन्हाळ्यांत समुद्र मोकळा झाला म्हणजे जहाजानें, एरव्हीं विमानानें. वस्तीचीं गांवें पंचवीस, पण एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणारा रस्ता नाहीं.

असे आंकडे वाचून ही भूमि बेवारस समजण्याची चूक मात्र कोणीं करूं नये. सील, कॅरिबू यांच्या मागें ऋतुमानाप्रमाणें हिंडणारे इनुइट लोक तेथें पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. पण विरळ वस्तीचा हा मुलूख आपलाच आहे हें जगास कसें पटवावें, ही चिंता सरकारास होती. १९५३ सालीं हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुकजुआक गांवचीं कांहीं कुटुंबें सुमारें दोन हजार किलोमीटर उत्तरेस रेझोल्यूट व ग्रीस फिऑर्ड येथें नेऊन वसविण्यांत आलीं. शिकार भरपूर मिळेल, न रुचल्यास दोन वर्षांनीं परत आणूं, असें वचन होतें. मूळ गांवीं हिंवाळ्यांतहि सूर्य उगवे. येथें तीन महिने रात्र! वचन पाळलें गेलें नाहीं. बेटांवरील स्वामित्वाचें निशाण म्हणून आम्हांस तेथें रोवलें, असें त्या कुटुंबांचें म्हणणें. आणि तें खोडून काढणें आम्हांस कठीण दिसतें. सरकारनें क्षमा मागितली ती २०१० सालीं. इनुइट भाषेंत ग्रीस फिऑर्डचें नांव ‘जेथें कधीं वितळत नाहीं’ अशा अर्थाचें आहे. २०२१ सालीं तेथें १४४ माणसें होतीं.

दरम्यान १९९३ सालीं जमिनीच्या हक्कांचा करार होऊन १ एप्रिल १९९९ रोजीं हा प्रदेश स्वतंत्रपणें अस्तित्वांत आला. नुनावुत म्हणजे ‘आमची भूमि’. लोकवस्तींत शेंकडा पंचाऐंशींच्या सुमारास इनुइट आहेत. विधिमंडळांत राजकीय पक्ष नाहींत; सभासद एकमतानें चालण्याचा प्रयत्न करतात. तें कितपत साधतें हा प्रश्न निराळा.

आमच्या वाचकांस विशेष कौतुक वाटेल तें तेथील लिपीचें. जेम्स इव्हान्स नामक पाद्र्यानें १८४० च्या सुमारास क्री भाषेसाठीं एक अक्षरमाला रचली. तीच पुढें इनुइटांनीं स्वीकारली. व्यंजनाचें चिन्ह एकच. तें फिरविलें कीं स्वर बदलतो. ही कल्पना रचतांना इव्हान्सच्या डोळ्यांपुढें लघुलिपीबरोबर आपली देवनागरीहि होती, असें अभ्यासक मानतात. राजधानी इकालुइतच्या रस्त्यांवर ‘थांबा’ म्हणून सांगणारी पाटीसुद्धां ह्या लिपींत लिहिलेली असते.