दोघांचा पोकर – लेखांक 6 : आधी बोलणाऱ्याने किती लावायचे?

गेल्या आठवड्यात आपण बटणावर बसून खेळलो. आज समोरच्या खुर्चीत बसू. दोघांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये बटणवाला छोटा ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी पहिल्यांदा बोलतो आणि मग फ्लॉप, टर्न, रिव्हर या तिन्ही फेऱ्यांत शेवटी बोलतो. मोठा ब्लाइंड भरणाऱ्याला तिन्ही वेळा आधी तोंड उघडावे लागते. हा तोटा किरकोळ नाही. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या 'सेफियस' या प्रोग्रॅमने दोघांचा लिमिट पोकर जवळजवळ पूर्ण सोडवला, तेव्हा दोघेही बिनचूक खेळले तरी सरासरीने बटणवालाच नफ्यात राहतो, हे हिशेबानेच दिसले. तिथे बेटची रक्कम निदान ठरलेली तरी असते. नो-लिमिटमध्ये तीही आपणच ठरवायची.

शेवटी बोलायचा मान आपल्याला मिळत नाही. पण पुढे अवघड बोलणे किती शिल्लक ठेवायचे, हे मात्र रकमेने ठरवता येते. आधी बोलणाऱ्याचे सगळे शास्त्र माझ्या मते एवढ्यातच आले.

आकडे घेऊन पाहू. ब्लाइंड 50 आणि 100, दोघांपुढे 10,000 चिप्स. बटणवाल्याने 250 केले. आपण नुसता कॉल केला तर पॉट 500 आणि मागे 9,750, म्हणजे पॉटच्या साडेएकोणीस पट. एवढ्या मोकळ्या रानात तिन्ही फेऱ्या आधी बोलत काढायच्या! त्याऐवजी चांगल्या पत्त्यांवर 1,000 चे रेझ केले आणि त्याने कॉल केला, तर पॉट 2,000 आणि मागे 9,000. आता प्रमाण साडेचार पटीवर आले. बटणावरून असेच उलट रेझ करताना तिपटीवर भागते. आधी बोलणारे चौपट करतात, ते यासाठीच.

हे 9,000 तीन फेऱ्यांत सारख्या प्रमाणात आत घालायचे असतील तर दर वेळी पॉटच्या साधारण 58 टक्के लावावे लागतात. फ्लॉपवर 1,150, कॉल झाला की पॉट 4,300. टर्नवर 2,500, पॉट 9,300. रिव्हरवर उरलेले 5,350. कागदावर एकदा मांडून बघा. पहिलीच बेट 500 ची केली आणि टर्नवर तेच 58 टक्के लावले तर रिव्हरवर पॉटपेक्षा किंचित मोठी रक्कम एकदम ढकलावी लागते, आणि ती बहुतेकांच्या हातून ढकलली जात नाही.

पण दर फ्लॉपवर सगळा स्टॅक घालायचा नसतो. राजा, सत्ती, दुर्री असा तीन रंगांचा कोरडा फ्लॉप पडला, तर उलट रेझ केलेल्या आपल्याकडे एक्का-राजा, राजांची जोडी, एक्क्यांची जोडी जास्त वेळा असते. तिथे 650 पुरतात. समोरच्याने चारातून एकदा जरी पाने टाकली तरी ही बेट जवळपास स्वतःचा खर्च काढते. नव्वी, अठ्ठी, सत्ती पडली तर पारडे फिरते. कॉल करणाऱ्याच्या पत्त्यांना ती जास्त लागतात. तिथे बऱ्याच वेळा चेक, आणि लावायचेच तर मोठे. अशा फ्लॉपवर 'बघू या काय म्हणतो' म्हणून लावलेली छोटी बेट म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

नुसता कॉल करून आलेल्या पॉटमध्ये तर चेक हाच नेम. पण टर्नचे पान आपल्या बाजूचे पडले तर आपणहून बेट करणे योग्य ठरते; पूर्वी मात्र ते कच्च्या खेळाडूचे लक्षण मानत. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलनच्या 'लिब्राटस'ने चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवले, तेव्हा माणसे सहसा टाळतात अशा बेट आणि पॉटपेक्षा कितीतरी मोठ्या रकमा त्याने सर्रास वापरल्या. त्यानंतर नाके मुरडणे कमी झाले.

रिव्हरवरचा प्रश्न वेगळा. मधल्या ताकदीचा हात, आपली पाळी पहिली. चेक केला तर किंमत समोरचा ठरवणार. 2003 च्या वर्ल्ड सिरीजच्या अंतिम लढतीत सॅमी फर्हाचे हेच झाले. त्याच्याकडे नव्व्यांची जोडी, टेबलावर त्याहून मोठे पान नाही. टर्नवर त्याने 3 लाख लावले, ख्रिस मनीमेकरने 8 लाख केले, फर्हाने कॉल केला. रिव्हरवर फर्हाने चेक केला आणि मनीमेकरने हातात नुसता राजा असताना सगळे आत ढकलले. फर्हाने पाने टाकली. मनीमेकर पुढे 25 लाख डॉलर घेऊन गेला.

फर्हाने कॉल का केला नाही, यावर खूप चर्चा झाली. पॉटच्या पाव-तृतीयांशाची छोटी बेट आधीच लावून त्याने किंमत स्वतः ठरवायला हवी होती, असेही कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अशी बेट नुसते कॉल करणाऱ्यापुढे चालते. सगळे ढकलायच्या तयारीत बसलेल्यापुढे ती रक्कम वर जाते आणि प्रश्न तोच राहतो. दोष असेल तर टर्नवरच्या 3 लाखांत शोधावा: पॉट फुगला, पण रिव्हरवर काय करायचे ते ठरले नव्हते.

सरावासाठी घरचा जोड आणि खोट्या चिप्स घ्या. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन खेळ देशात बंदच आहेत. मोठ्या ब्लाइंडवर बसा आणि फ्लॉपवर हात हलवण्याआधी तिन्ही फेऱ्यांच्या रकमा कागदावर लिहा. चेक-रेझ पुढच्या आठवड्यात.