जुन्या दूरचित्रवाणी संचातील रेग्युलेटर : दोष शोधण्याची रीत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि कृष्णधवल संच हळूहळू आपल्या वस्त्यांतही आले. एका घरच्या संचापुढे सारी आळी बसे. तेच संच आज माळ्यावर धूळ खात आहेत आणि आपल्यापैकी काहींना ते पुन्हा चालू करावेसे वाटते. त्यांच्यासाठी हे टिपण.

लहान पडद्याचे बरेच कृष्णधवल संच आतून सुमारे १२ व्होल्ट एकदिश विजेवर चालतात. घरातील २३० व्होल्ट वीज ट्रान्सफॉर्मर कमी करतो, डायोड तिला एकदिश करतात, मोठा कपॅसिटर तिच्यातील लहरी शोषतो. पुढे रेग्युलेटर उभा असतो. झीनर डायोडचा स्थिर दाब प्रमाण मानून तो मुख्य ट्रान्झिस्टरला कमी-अधिक उघडतो व बाहेरचा दाब ढळू देत नाही.

हा पहारेकरी निकामी झाल्यास पुढच्या भागावर जादा दाब येतो आणि ईएचटी ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जुन्या संचाचा तो भाग आज सहजी मिळत नाही. म्हणून दोष शोधण्याचा क्रम महत्त्वाचा.

प्रथम सुरक्षितता. संच बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहतात. काही संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचा सांगाडा थेट मेन्सशी जोडलेला असू शकतो. असे संच जाणकारानेच उघडावेत, मुलांनी मुळीच नव्हे.

नंतर रेग्युलेटरपासून पुढील संच सोडवावा आणि त्याच्या जागी मोटारीचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब जोडावा. आता मल्टिमीटरने दोन ठिकाणी दाब मोजावा : रेग्युलेटरच्या आधी व नंतर.

आधीचाच दाब नसेल, तर फ्यूज, ट्रान्सफॉर्मर व डायोड पाहावेत. आधी दाब आहे पण नंतर शून्य, तर मुख्य ट्रान्झिस्टर तुटला आहे किंवा त्याच्या बेसला चालना मिळत नाही. दोन्हीकडे जवळजवळ सारखाच दाब असेल, तर तो ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असण्याची शक्यता मोठी. झीनर व नियंत्रक ट्रान्झिस्टरही तपासावा. दाब चुकीचा पण स्थिर असेल, तर प्रीसेट झिजलेला असू शकतो. बल्बवर १२ व्होल्ट नीट टिकतात आणि संच जोडताच कोसळतात, तेव्हा दोष बहुधा पुढे संचात असतो.

पडदाही साक्ष देतो. चित्रावर दोन आडवे पट्टे दिसत असतील, तर कपॅसिटर वाळलेला असण्याचा संभव असतो, कारण पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरमधून १०० हर्ट्झची लहर येते. एकच पट्टा असेल, तर एखादा डायोड उघडा पडून ती ५० हर्ट्झवर आलेली असते.

बल्बवर दाब योग्य व स्थिर दिसल्याखेरीज संच पुन्हा जोडू नये. इतिहासाच्या अभ्यासात पुराव्याआधी निष्कर्ष काढू नये असे आम्ही वर्गात सांगतो. येथेही नियम तोच : आधी मोजावे, मग बदलावे. अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्यास पैसा जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. ही शिस्त मुलांच्या अंगी बाणली, तर माळ्यावरचा जुना संचही उत्तम शिक्षक ठरेल.